भंडारे बाई आणि खांबाजवळचा माणूस

मला लिवता येतं, वाचता येत न्हाई. लोकांस्नी हे उलटं वाटतं, पण आमच्या धंद्यात चालून जातंय. गिऱ्हाईक कागदावर जे लिवून देईल ते मी बघून बघून ट्रॉलीवर उतरवतो. माझ्या लेखी अक्षर म्हंजे चित्रच. शाळेत मी दोनदा गेलो, एकदा नाव घालायला आन एकदा तिथली भिंत रंगवायला. तवा हे जे तुमी वाचताय ते माझ्या पोरीनं, सारिकानं, लिवून घेतलंय. मी बोलतोय, ती लिवतीया. मधी मधी हसती, तवा मी थांबतो.

सांगायचं हाय भंडारे बाईंचं. पण आधी माझा बुद्ध सांगावा लागंल.

तासगावात एसटी स्टँडच्या मागं माझं पत्र्याचं दुकान हाय. एका टेंपोवाल्यानं मागच्या फाळक्यावर भगवान बुद्ध काढायला सांगितला. मी काढला. गाल गुलाबी, डोक्यामागं सोनेरी चक्र, खाली दोन कमळं, आन कोपऱ्यात जागा उरली म्हणून एक मोर. टेंपो उन्हात वाळत लावलावता आन मी समोर बसून आपल्याच कामाकडं बघत हुतो. तेवढ्यात एक म्हातारी बाई येऊन उभी ऱ्हायली. सुती पातळ, त्याच्यावर मिल्ट्रीचा हिरवा शर्ट, बाह्या कोपरापातूर दुमडलेल्या, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला. लय वेळ बघितलं. मला वाटलं, आता पाया पडतीया.

“हे तू काढलंस?”

“व्हय की.”

“एक डोळा तासगावला बघतोय, एक मिरजेला.”

“बाई, टेंपो दोन्हीकडं जातोय,” मी म्हणालो.

त्या हसल्या न्हाईत. “शिडीवर चढता येतं?”

“येतं.”

“चौकोन पाडता येतात? मोजून, सगळे सारखे?”

“येत्यात.”

“मग उद्या सकाळी सातला ये. बुद्धाचं मी बघते. तू चौकोन पाड. आणि मोर आणू नकोस.”

ही भंडारे बाईंची आन माझी पयली भेट. पत्ता त्यांनी कागदावर लिवून दिला. मला वाचता येत न्हाई हे सांगायची मला लाज वाटली, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तो कागद पाच माणसांस्नी दाखवत दाखवत नऊला पोचलो. बाई दारात उभ्या. म्हणाल्या, “दहापैकी दोन. एक आलास म्हणून, एक विचारलंस म्हणून.”

त्यांची ही खोडच हुती. सगळ्याला दहापैकी मार्क. चहाला, चौकोनाला, एसटीच्या ड्रायव्हरला. जलमभर पाचगणीच्या एका बोर्डिंगच्या शाळेत चित्रकला शिकवली, त्याची सवय. मूळच्या मेढ्याकडच्या. मालक मिल्ट्रीत हवालदार, ते तासगावचे. ते गेल्यावर बाई त्यांच्या घरात ऱ्हायला आल्या आन त्यांचे शर्ट रंगकामाला वापरायला लागल्या. म्हणायच्या, “त्यांना डाग आवडायचे नाहीत. आता कोण बोलतंय?”

त्यांच्याकडं एक जाड फाईल हुती. पाचगणीच्या शाळेत अडगळीच्या कपाटात कुण्या गोऱ्या सायबाचा जुना आल्बम निघालावता. सायबाच्या राज्यात, फोटो काढायचं यंत्र नवं नवं आलं तवा, त्यानं गावोगावचे स्तूप आन लेणी हिंडून काढलेले फोटो. शाळेला त्याचं काय न्हवतं. बाईंनी साताऱ्याला जाऊन पानापानाच्या झेरॉक्स मारून आणल्या आन वर्षानुवर्षं सांभाळल्या. मी फाईल उघडून बघितली आन माझं मनच खट्टू झालं. स्तूपावर झाड उगवलेलं. देवळाचा निम्मा भाग मातीत. लेण्याचा खांब मोडून पडलेला. सगळं पडकं.

हेच फोटो बघून दाराएवढ्या कापडावर हातानं रंगवायचे, आन तसली पाच चित्रं नव्या विहारात लावायची, हा बाईंचा बेत. विहार गावाभाईरच्या त्यांच्याच वस्तीत बांधायचं चाललंवतं. कमिटीचे अध्यक्ष मिलिंद तात्या, एसटीतनं रिटायर झालेले कंडक्टर. माणूस सरळ, पण बोलणं तिकीट फाडल्यासारखं. संक्रांतीच्या आसपास ते बाईंकडं आले तवा मी कोपऱ्यात चौकोन पाडत हुतो.

“आवं बाई,” तात्या म्हणाले, “पोरांनी पाट्या वाहून नवंकोरं विहार उभं केलं, आन भितीवर पडकं लावायचं व्हय? फ्लेक्स लावू की. एका दिवसात येतंय, लखलखीत.”

“नवं तर दिसतंच आहे तात्या. त्यासाठी चित्र कशाला? पडकं असताना कुणी बघितलं नाही, ते बघायचंय.”

“मग त्यो फोटूच मोठा करून लावू.”

“फोटो काढताना साहेबानं एकदा बघितलं. हातानं काढायचं म्हणजे एकेका चौकोनाला बघावं लागतं. तेवढं बघणं तरी आपल्याकडून व्हायला पाहिजे.”

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान डोलवली. मला काय कळलं न्हवतं, पण मान डोलवायला कळावं लागत न्हाई.

“बुद्ध पौर्णिमेला उद्घाटन हाय,” तात्या म्हणाले. “पाच जागा मोकळ्या ठेवतो. तवापातूर जेवढी झाली तेवढी चित्रं. जी जागा रिकामी ऱ्हाईल तिथं फ्लेक्स. मग राग मानायचा न्हाई.”

“रिकामी राहणार नाही,” बाई म्हणाल्या, आन तात्यांच्या चपला दाराकडं वळवून ठेवल्या.

तात्या गेल्यावर मला म्हणाल्या, “बबन, एक सांगून ठेवते. माझ्या डोळ्यांत काचबिंदू आहे. कडेकडेनं अंधार आत येतोय. मधलं तेवढं दिसतं, बांगडीतून बघितल्यासारखं. मिरजेचे डॉक्टर म्हणतात, आणखी काही महिने.”

मी म्हणालो, “बाई, मला सगळं दिसतं पण कळत न्हाई. दोघं मिळून एक माणूस हुईल.”

“होईल,” त्या म्हणाल्या. “आणि चित्र कुठं एकदम काढायचंय? एका वेळी एकच चौकोन. तेवढा मला दिसतो.”

खरंच त्यांचं काम तसंच चालायचं. झेरॉक्सवर पेन्सिलीनं बारके चौकोन. कापडाच्या चौकटीला कडेनं खिळे मारून आडवा उभा दोरा ताणलेला, त्याचे मोठे चौकोन. झेरॉक्सच्या एका चौकोनात जे असंल ते कापडाच्या त्याच चौकोनात. डावीकडनं कितवा, वरनं कितवा, ते दोऱ्यावर बोटं फिरवून मोजायचं. एक ओळ पुरी हुईस्तवर चहा न्हाई. मी दोनदा म्हणालो, बाई, चहानं नजर साफ हुती. त्या म्हणाल्या, तुझी झालेली कधी दिसली नाही.

आन नियम एकच. दिसतंय तेवढंच. बाई दिवसातनं वीसदा म्हणायच्या. तडा हाय तर तडा. झाड हाय तर झाड, पण पानं दिसत नसली तर पानं काढायची न्हाईत. हे मला लय जड गेलं. आमच्या धंद्यात मोकळी जागा दिसली की फूल काढायचं असतं.

रंगाची तर येगळीच गंमत. झेरॉक्स काळीपांढरी असली तरी मूळ फोटो तपकिरी, असं बाईंच्या ध्यानात पक्कं हुतं. मी दाराला मारायचा तपकिरी रंग आणला. बाई म्हणाल्या, “हे दार झालं. मला काळ पाहिजे.” मग द्राक्षं वाळवायच्या एका शेडवरनं मूठभर बेदाणा घेऊन आल्या, निवडताना भाईर काढलेला. बशीत वळीनं मांडला. पिवळा, तांबूस, तपकिरी, मग काळपट. “हे आपलं रंगाचं पुस्तक. उजेड कुठला, सावली कुठली, सगळं यात आहे. बघून मिसळ.” आन आत भाकरी थापायला गेल्या. मी मिसळत बसलो. रंग मिसळायला विचार करावा लागतो, आन विचार करताना माझा हात तोंडाकडं जातो. बाई भाईर आल्या तवा बशीत तीन बेदाणे ऱ्हायलेवते.

बाईंनी बशी डोळ्याजवळ नेऊन बघितली. “उजेड सगळा खाल्लास. आता नुसत्या सावलीवर काम कर.”

तरी रंग जमला. होळीपातूर दोन चित्रं झाली, पाडव्याला तिसरं, आन चौथं झालं तवा पौर्णिमेला नऊ दिवस उरलेवते. तवर बाईंची बांगडी आकसून अंगठी झालीवती. रंगाच्या डब्या मी ठरलेल्या जागी ठेवायच्या, कुंचला हातात द्यायचा. एकदा चुकून मी त्यांच्या चहात कुंचला धुतला. त्या पिल्या आन म्हणाल्या, “आज चहा दहापैकी सहा.” मी अजून कुणाला हे सांगितलं न्हवतं.

पाचवं चित्र कराडच्या डोंगरातल्या लेण्याचं. बाईंनी ते मुद्दाम शेवटाला ठेवलंवतं, आपल्या भागातलं म्हणून. लेण्याचं दार, आत अंधार, आन समोर दोन खांब. एक उभा, एक निम्मा मोडलेला. चार दिवस उजाडल्यापासनं बसून बाईंनी वरच्या सगळ्या ओळी काढल्या. खालच्या तीन ऱ्हायल्या. तेवढ्यात डोळ्यांत कळा सुरू झाल्या आन त्यांस्नी मिरजेला जावं लागलं. जाताना म्हणाल्या, “उद्या संध्याकाळी येते. कशालाही हात लावू नकोस.”

आता माझं चुकलं कुठं ते ऐका. मला वाटलं, पाच दिवस उरलेत, बाईंचे डोळे असे, आपण जरा हातभार लावावा. आन मोडका खांब बघून माझा जीवच ऱ्हाईना. गिऱ्हाईक मोडकी ट्रॉली आणतं तवा आपण काय मोडकीच रंगवतो का? मी खांब उभा केला. खालपासनं वरपातूर, ट्रकचा ऑईलपेंट घेऊन, चांगले दोन हात मारले. वर कळसासारखं कायतरी काढलं. आन झेरॉक्सवर खांबाच्या बुडाला एक काळपट डाग पडलावता, शाई सांडल्यासारखा, तो मी काढलाच न्हाई. तिथं सपाट जमीन करून टाकली. म्हणलं, बाई खूश.

बाई आल्या. चष्मा पुसला, दोऱ्यावर बोटं लावली आन चौकोन चौकोन मोजत खाली आल्या. खांबापाशी थांबल्या. म्हणाल्या, “माणूस कुठं आहे?”

“कुठला माणूस?”

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आन झेरॉक्सवर बोट ठेवलं. मी वाकून बघितलं. त्यो डाग न्हवता. माणूस हुता. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, डोक्याला मुंडासं. तोंड तेवढं पुसलेलं.

“तेव्हा फोटोला वेळ लागायचा,” बाई म्हणाल्या. “हललं की तोंड पुसायचं. खांब केवढा आहे ते कळावं म्हणून साहेबानं कुणाला तरी हाक मारून उभं केलं असेल. माप म्हणून.”

“त्येचं नाव लिवलंय का खाली?”

“खांबाचं लिहिलंय. त्याचं नाही.”

मी भिंगातनं बघतच ऱ्हायलो.

“तुम्ही मूळचे कुठले रे?” बाईंनी इचारलं.

“आटपाडीकडचे. मेंढरंवाले. आज्यापातूर तेच. मी मेंढराला भ्यायचो म्हणून पेंटर झालो.”

“मेंढरं घेऊन कुठं जायचे?”

“पाऊस सरला की कराडवरनं खाली, कोकणाच्या अंगाला.”

“मग हाही त्याच वाटेवर उभा आहे,” बाई म्हणाल्या.

एवढंच. मार्क दिले न्हाईत. दोन दिले असते तर बरं वाटलं असतं.

मी म्हणालो, बाई, आता वेळ न्हाई, चार लावू आन एक जागा फ्लेक्सला सोडू. त्यांनी मालकाचा शर्ट चढवला, बाह्या दुमडल्या आन खरवडायला पातं मागितलं. ट्रकचा ऑईलपेंट पावसात जात न्हाई, उन्हात जात न्हाई, हे मी गिऱ्हाइकांस्नी छातीठोक सांगत आलोय. त्या दिवशी पयल्यांदा मला ते खरं निघाल्याचं वाईट वाटलं. दोन दिवस आमी खरवडत हुतो. बाई बोटानं चाचपायच्या आन खरवडायच्या, मी बघून खरवडायचो, आन माझ्यापेक्षा त्यांचं साफ निघायचं. तरी खांबाच्या कडेनं एक कंगोरा ऱ्हायलाच, दाट, खडबडीत. त्यो काय निघंना. जास्त खरवडलं तर कापड फाटलं असतं.

“राहू दे,” बाई म्हणाल्या. “त्याच्यावरून रंग दे.”

मग माणूस. बाईंस्नी भिंगातनंबी तेवढं बारीक दिसंना, म्हणून मला काढायला सांगितला. मी लय मन लावून काढला. घोंगडं जमलं, काठी जमली. तोंड मोकळं बघून मात्र माझा हात शिवशिवला. चांगल्या झुपकेदार मिशा काढल्या, डोळे काढले. बाईंनी डोळा अगदी कापडाला टेकवला.

“हा कोण?”

“त्योच की.”

“हा तुझा मेव्हणा दिसतोय. तोंड तुला दिसलं का फोटोत?”

“न्हाई.”

“मग?”

“पर बाई, इतकी वर्सं बिनतोंडाचा उभा हाय बिचारा. आपण द्यावं की.”

बाई म्हणाल्या, “आपल्याला त्याचं तोंड माहीत नाही. खोटं दिलं की लोक बघतील आणि म्हणतील, बरं आहे, आणि पुढं जातील. पुसट ठेवलं तर विचारतील.”

पातं परत माझ्या हातात दिलं. मेव्हण्याला खरवडताना तेवढं बरं वाटलं.

पण पुसट काढायचं कसं? नाक डोळे काढायला सोपं असतं, हललेलं कसं काढायचं? माझ्याच्यानं हुईना. नुसता चिखल व्हायचा. पौर्णिमा परवावर आलीवती. बाई म्हणाल्या, “घरी घोंगडं आहे का?”

बापाचं हुतं. घेऊन आलो. बाईंनी मला आंगणात भितीला उभं केलं, खांद्यावर घोंगडं, हातात केरसुणीचा दांडा. स्वतः चौकटीजवळ स्टुलावर बसल्या. वैशाखाचं ऊन, घोंगडं टोचतंय, मुंग्या पायावर चढतायत. मी आपला दगडासारखा उभा. शेजारची बाई कापडं वाळत घालायची सोडून बघायला लागली.

“हल,” बाई म्हणाल्या.

“आं?”

“मान हलव. तोही हलला होता. त्यालाही मुंगी चावली असेल.”

मी मान हलवायला लागलो. शेजारणीनं आत जाऊन सासूला बलवून आणलं. बाई मात्र माझ्याकडं बघत हुत्या आन कुंचला चालवत हुत्या. बोटांनी दोरा चाचपायचा, चौकोन गवसला की रंग. मी म्हणालो, “बाई, एवढ्या लांबनं दिसतंय का तुमास्नी?”

“तू?” त्या म्हणाल्या. “तू मला असाच दिसतोस. पुसट. म्हणून तर जमतंय.”

मी मान तेवढी हलवत ऱ्हायलो. दुसऱ्या दिवशी मानेला पट्टा बांधावा लागला. पण माणूस झाला. तोंड न्हाई, तरी कुणीतरी तुमच्याकडं वळून बघतंय असं वाटायचं.

पौर्णिमेला सकाळी पाचीच्या पाची चित्रं विहारात लागली. शेवटचं अजून ओलं हुतं, टेंपोत मी ते दोन्ही हातांनी धरून उभा हुतो. टेंपो त्योच, मोराचा. तात्या पांढऱ्या शर्टात हजर. भितीवर फ्लेक्सला जागाच उरली न्हाई हे त्यांनी दोनदा मोजून बघितलं. मग पाचव्या चित्रापुढं थांबले.

“बाई, ह्या माणसाला तोंड का न्हाई वं?”

बाई माझ्याकडं तोंड करून नुसत्या हसल्या. मी त्यांस्नी हसताना बघितलं ते तेवढंच. तात्यांस्नी मी सगळं सांगितलं. तात्या ऐकत ऱ्हायले. मग जी माणसं यायची त्यांस्नी तेच सांगत सुटले, तिकीट फाडल्यासारखं न्हवं, सावकाश. कराडचं लेणं, सायब, खांबाचं नाव हाय, ह्येचं न्हाई. मी मेव्हण्याचं तेवढं वगळायला सांगितलंवतं. त्यांनी वगळलं न्हाई.

वंदना झाली, खीर झाली. कमिटीनं माझ्याकडनं एक पाटी रंगवून घेतलीवती, ‘चित्रांना हात लावू नये’, ती पाचव्या चित्राशेजारीच लावलीवती. दुपारी माणसं पांगली. बाईंची भाची मेढ्यासनं त्यांस्नी न्यायला आलीवती. आता एकटीनं ऱ्हाणं हुणार न्हवतं. ती भाईर रिक्षा बघायला गेली. पुढं श्रावणात बाई मेढ्यालाच वारल्या. मी पोचलो तवा सगळं उरकलंवतं, म्हणून माझ्याजवळ ती दुपारच हाय.

विहारात बाई, मी आन खुर्च्या उचलणारे तात्या. बाईंनी चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवला. त्याचा आता उपयोग न्हवता. भितीला हात लावून चालायला लागल्या. पयलं चित्र, दुसरं, तिसरं, चौकटी मोजत. पाचव्यापाशी थांबल्या आन सरळ कापडावर तळवा ठेवला. तात्यांनी माझ्या पाटीकडं बघितलं. मी जाऊन पाटीपुढं उभा ऱ्हायलो. तात्या परत खुर्च्या उचलायला लागले.

बाईंचा हात कापडावरनं हळूहळू सरकत हुता. सगळीकडं गुळगुळीत, आन एके ठिकाणी थांबला. माझा ऑईलपेंट. न निघालेला त्यो खडबडीत कंगोरा.

“हा तुझा खांब ना?”

“व्हय बाई. चुकलंच ते.”

“बरं झालं राहिला ते,” बाई म्हणाल्या. “नाहीतर माणूस सापडला नसता.”

आन त्यो कंगोरा धरून त्यांची बोटं खाली आली. दोरा आता न्हवता, पण त्या ओठातल्या ओठात चौकोन मोजत हुत्या. एक. दोन. तीन. तिसऱ्याला बोटं थांबली, अजून ओल्या असलेल्या जागी.

“आहे,” बाई म्हणाल्या.

भाचीनं दारातनं हाक मारली. बाईंनी लगीच हात काढला न्हाई.